आमची वाटचाल : फोंड्यातलं सायकलचं दुकान

बाबांनी दुकान काढलं तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः पोदेर, गोव्यात सायकलवरून पाव विकणारे. मागे पावाची टोपली, कॉटर पिनचे क्रँक (पिन ठोकून बसवलेले पेडलचे दांडे), काळी दणकट सायकल. बेअरिंगचे कप उघडा, छर्रे बदला, ग्रीस भरा, पिन ठोका. क्रँकचा एक्सल किती मिलिमीटरचा, हे विचारायची वेळच यायची नाही.

गिअरच्या सायकली आल्या आणि काम बदललं. चोर्ला घाट चढणारी मंडळी जुन्या फ्रेमवर नवा क्रँक बसवून मागू लागली. बीबी म्हणजे क्रँक ज्यावर फिरतात तो एक्सल आणि त्याची बेअरिंगं; तिचं माप एक्सलच्या लांबीवरून सांगतात. ती मागितली की बाजारात उत्तर ठरलेलं : ‘११८ मिमीची टाका, सगळ्याला चालते.’ चालते खरी, पण चेन तिरकी पळते, कुरकुरते आणि चेनव्हीलचे, म्हणजे क्रँकजवळच्या दातेरी चाकाचे, दाते एका अंगाने झिजतात.

आम्ही मोजायला लागलो आणि आमचं नाव झालं ते त्यावरच. सीटच्या नळीचा व्यास घ्यायचा, त्याच्या निम्म्यात नळीपासून चेनव्हीलपर्यंतचं अंतर मिळवायचं. दोन चेनव्हील असतील तर त्यांच्या मधोमध धरायचं. ही पुढची चेनलाइन, म्हणजे फ्रेमच्या मध्यापासून चेनपर्यंतचं अंतर. मागे चाकाच्या एक्सलवरच्या दोन बाजूंच्या लॉकनटांमधल्या अंतराचं निम्मं घेऊन त्यातून लॉकनट ते गिअरची मधली दातेरी चकती एवढं वजा करायचं, ती मागची. समजा पुढे ४७.५ आणि मागे ४३.५ मिमी आलं. फरक ४ चा, पण बीबीचा एक्सल ८ मिमीने आखूड लागतो, कारण कमी झालेली लांबी दोन्ही बाजूंना वाटली जाते. म्हणजे ११८ च्या जागी ११०. त्याआधी आतलं चेनव्हील फ्रेमला घासणार नाही ना, ते बघायचं. घासत असेल तर चेनलाइन थोडी बाहेर राहिलेली परवडली.

दुसरी मेख एक्सलच्या चौकोनी टोकाची, ज्यावर क्रँक बसतो. जपानी आणि युरोपीय, दोन्हींचा उतार सारखाच, पण युरोपीय टोक बारीक. त्या मापाचा क्रँक जपानी एक्सलवर साधारण साडेचार मिमी बाहेरच अडतो. मग लांबीचा सगळा हिशोब फसतो.

किनाऱ्याकडच्या सायकलींचे कप खाऱ्या हवेने जाम होऊन येतात. घरी पाना घेऊन बसणाऱ्यांना एवढंच सांगतो, फ्रेमच्या ६८ मिमी रुंद नळीत बसणाऱ्या साध्या इंग्लिश बीबीत उजव्या कपाचे आटे उलटे असतात. जोर लावून तो आणखी आवळून आणणारे दर पावसाळ्यानंतर येतातच.

आता दुकान मी आणि धाकटा भाऊ बघतो. ११०, ११३, ११८ आणि १२२.५ कायम ठेवतो. १०३ किंवा १२७ हवी असेल तर मागवून देतो, पण सायकल मोजायला आणल्याशिवाय ऑर्डर घेत नाही.