तुम्ही विचारलंत म्हणून: अधिकार नसलेल्या गटात मी का बसते

साताऱ्याहून बहीण फोनवर विचारते. इथं इंग्लंडमधल्या आमच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या जेवणाला कुणीतरी विचारतंच. आणि माझ्याबरोबर डोंगर चढणारी तरुण मुलं तर तोंडावर विचारतात: पगार नाही, अधिकार नाही, कौन्सिल ऐकेल याची खात्री नाही, मग लोकांच्या चालण्याच्या वाटांवर सल्ला देणाऱ्या त्या लोकल अ‍ॅक्सेस फोरमवर बसता कशाला? आजवर विषय बदलत आले. आता एकदा नीट सांगते.

मंडळातल्या प्रश्नाला आणखी एक शेपूट असतं. आपण परके, यांच्या शेतांतल्या वाटांमध्ये आपण का पडायचं? त्याचं उत्तर मला फार लांबवायचं नाही. माझी मुलं याच वाटांवर चालायला शिकली, कौन्सिलचा कर मी भरते, आणि वाट कुणाच्या आजोबांची होती हे कायदा विचारत नाही.

अधिकार नाही, हे खरं. इंग्लंडमधले हे गट 2000 सालच्या कंट्रीसाइड अँड राइट्स ऑफ वे कायद्यातून आले. काउंटी कौन्सिल किंवा नॅशनल पार्कची संस्था ते नेमते. 10 ते 22 माणसं असतात: पायी चालणारे, घोडेस्वार, सायकलवाले, आणि त्यांच्यासमोर जमीनमालक आणि जमीन कसणारे. मोकळ्या रानात लोकांना कसं जाता येईल यावर सल्ला द्यायचा, एवढंच काम. पण त्याच कायद्याच्या 94व्या कलमानुसार दिलेला सल्ला संबंधित संस्थांना विचारात घ्यावाच लागतो. तो मानण्याची सक्ती मात्र त्यांच्यावर नाही.

हे थोडं वाटतं ना? मला ते थोडं वाटत नाही, कारण मी पाणंदीची भांडणं बघत वाढले. आपल्याकडे वाट अडवली की 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे अर्ज, मग वर फेरतपासणीचा अर्ज, मग दिवाणी दावा. आमच्या घराण्यातलं असं एक भांडण दोन पिढ्या चाललं, आणि वाट अडवणारा आणि वाट मागणारा एकदाही एका ओट्यावर बसले नाहीत. इथं ते दोघं वर्षातून किमान दोनदा एका टेबलाशी बसतात, लोकांसमोर. माझ्या तिथं बसण्याचं कारण हेच.

पण हे कारण कुठवर टिकतं, ते नदीकाठच्या एका वाटेमुळे मला रोज स्वतःला विचारावं लागतं.

छोटीशी वाट आहे. सपाट, घट्ट मातीची, गावातल्या बसथांब्यापाशी सुरू होणारी. व्हीलचेअरला, बाबागाडीला, गुडघ्यांनी बेजार झालेल्या माणसाला जमतील अशा वाटा आमच्या भागात फार थोड्या. ही त्यातली एक झाली असती, पण मध्ये कुंपणं आहेत आणि प्रत्येक कुंपणावर स्टाइल, म्हणजे चढून पलीकडे उतरायच्या लाकडी पायऱ्या. धडधाकट माणसाच्या त्या लक्षातही येत नाहीत. आमच्या गटात व्हीलचेअर वापरणारी एक सदस्य होती. तिच्या घरातून ती नदी दिसायची. पायऱ्या काढून तिथं फाटकं बसवावीत असा प्रस्ताव तिनं मांडला, मी अनुमोदन दिलं.

ती जमीन कसणारा शेतकरीही आमच्याच गटात. तो उभा राहिला आणि नाही म्हणाला. त्याच्या दुसऱ्या एका शेतात कुणीतरी फाटक उघडं टाकून गेलं होतं आणि मोकळा सोडलेला कुत्रा मेंढ्यांत शिरला होता. मेंढ्या विण्याचे दिवस. किती गेल्या ते त्यानं सांगितलं नाही. एका गाभण मेंढीला स्वतःच्या हातानं संपवावं लागलं, एवढं सांगितलं आणि त्याला पुढे बोलवेना. मग ती म्हणाली, "तुमचं झालं ते फार वाईट झालं. पण कुत्रा माझा नव्हता, आणि शिक्षा मला आहे." त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. मीही पाहू शकले नाही, कारण त्या क्षणी मला दोघंही बरोबर वाटत होते.

गटात नवी होते तेव्हाची मी म्हणाली असती की ही जमीनवाल्यांची नेहमीची सबब. लोकांना आत येऊ द्यायचं नसतं, म्हणून मेंढ्या पुढे करायच्या. त्या वेळच्या मला मी आज गप्प बसवेन, पण पूर्ण नाही. सबबी सांगणारेही मी पाहिलेत. शेत नांगरल्यावर वाट 14 दिवसांत पुन्हा चालण्याजोगी करायची असते. ती पीक निघेपर्यंत तशीच सोडणारे आहेत. हा माणूस तसला नव्हता, एवढंच.

पुढच्या कित्येक बैठका त्या वाटेवर गेल्या. आम्ही सगळे तिथं जाऊन उभे राहिलो. शेवटी ठरलं: आपोआप बंद होणारी फाटकं, खुर्चीत बसून हात पोचेल अशी कडी, आणि विण्याच्या दिवसांत मेंढ्या दुसऱ्या कुरणात. शेतकऱ्यानं लेखी होकार दिला, खांब रोवायला स्वतःचा ट्रॅक्टरही देऊ केला. हा होकार किती मोलाचा, ते बाहेरच्याला कळत नाही. नोंदलेली जुनी पायरी काढायची सक्ती मालकावर करता येत नाही. हायवेज कायद्यात त्यासाठी कराराची तरतूद आहे, म्हणजे जमीनवाल्याची राजीखुशी लागतेच. ती आम्ही मिळवली होती. कौन्सिलला सल्ला लिहून पाठवला.

उत्तर आलं: सल्ल्याची नोंद घेतली, सध्या निधी नाही.

तिनं राजीनामा दिला. मी तिला थांबवायला घरी गेले. ती म्हणाली, "माझ्या वाट्याचे उन्हाळे मोजके आहेत, ते मी 'नोंद घेतली' वाचण्यात घालवणार नाही. तू बसतेस म्हणून त्यांना अहवालात लिहिता येतं की लोकांना विचारलं होतं." आता ती 2010 च्या समानता कायद्याचा आधार घेऊन भांडते आहे.

तिचा हा आरोप मला झोपू देत नाही. आमच्या बसण्यानं कौन्सिलला आडोसा मिळतो का? काही वेळा मिळतो. ते मी नाकारणार नाही. पण मी उठून गेले तर तो शेतकऱ्याचा होकार कोण जपणार, हेही कुणी मला सांगत नाही. तिची लढाई आणि आमचं टेबल एकमेकांना पूरक आहेत, असं लोक समजुतीनं म्हणतात. मला तसं वाटत नाही. तिच्या तक्रारीनंतर शेतकरी माझ्याशी जपून बोलतो.

तरुण मुलं मला किंडर स्काउट डोंगराची गोष्ट ऐकवतात. 24 एप्रिल 1932 ला बेनी रॉथमन नावाचा तरुण आणि सोबतचे शेकडो लोक बंदी असलेल्या त्या डोंगरावर चढले, पाच जण तुरुंगात गेले, तेव्हा कुठे पुढचं सगळं घडलं. मान्य. त्यांच्याशिवाय 2000 चा कायदाच नसता. पण कायदा यायला 68 वर्षं गेली, आणि त्यानं मुक्त भटकंतीला खुली झालेली जमीन इंग्लंडच्या साधारण 8 टक्के. उरलेल्या मुलखात तुम्ही नेमून दिलेल्या वाटेवरूनच जाता, आणि तिथं एकेका फाटकासाठी एकेका माणसाशी बोलावं लागतं. ते बोलणं मोर्चात होत नाही.

वाटांच्या सुधारणेचा आराखडा कौन्सिलला दहा वर्षांच्या आत पुन्हा तपासावा लागतो. आमच्याकडे ती तपासणी आता आली आहे. नदीकाठची वाट त्यात घालावी, असा मसुदा मी आणि त्या शेतकऱ्यानं मिळून लिहिलाय, आणि पाठवण्याआधी तिला वाचायला दिलाय. तिनं समासात दोन ठिकाणी खोडून जास्त कडक शब्द घातलेत. शेतकऱ्याला ते मान्य नाहीत. बैठक सार्वजनिक असते. ज्यांनी ज्यांनी विचारलंय, त्यांनी यावं आणि मागे बसून ऐकावं.