मेण वितळवायला काय घ्यावं: दिवाळीआधीच्या नोंदी

पातेल्यात पाणी, पाण्यात जग, जगात मेण. आजवर माझ्या सगळ्या मेणबत्त्या याच जोडणीतून निघाल्या. यंदा दिवाळीसाठी एका बैठकीत दोन-तीन किलो मेण ओतायचं आहे, म्हणून सध्या घरात आणि बाजारात एकाच गोष्टीचा शोध चालू आहे. शेवटची खरेदी व्हायची आहे, पण बराच गुंता सुटलाय. तुमच्यापैकी कुणी याच टप्प्यावर असेल तर उपयोग होईल म्हणून लिहून ठेवते.

आच

आमच्याकडे पाइपचा गॅस आहे आणि ज्योत हवी तेवढी बारीक होते, तरी मेणासाठी मी गॅस बंदच केला. पाण्यात ठेवलेलं मेण १०० अंशांच्या वर जात नाही आणि पॅराफिनची, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या मेणाची, वाफ पेट घ्यायला साधारण २०० अंश लागतात, त्यामुळे जगातल्या मेणाची काळजी नव्हती. काळजी होती ती जगाच्या कडेवरून ओघळून थेट बर्नरवर पडणाऱ्या थेंबाची. इंडक्शनवर ज्योतच नाही, म्हणून तो घेतला. तरीही जवळ घट्ट बसणारं झाकण असतंच. मेण पेटलं तर झाकण टाकून बटण बंद करायचं. पाणी मुळीच ओतायचं नाही, पेटलेलं मेण उसळून चहूकडे उडतं.

स्वयंपाकघरातला सॉकेट आधी बघा. ६ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅट मिळतात. २००० वॅटच्या इंडक्शनला १६ अँपिअरचा सॉकेट लागतो. मी १२०० वॅटवर चालवते आणि त्याहून जास्त कधीच लागलं नाही. हिशोब करून पाहिला: १ किलो पॅराफिन ३० अंशांवरून वितळवून ८० अंशांवर न्यायला सुमारे ३२५ किलोज्यूल लागतात, म्हणजे वीज ०.०९ युनिट. त्याच वेळी पातेल्यात २ लिटर पाणी असेल तर ते ३० वरून ९० अंशांवर न्यायला ५०० किलोज्यूल जातात. मेणापेक्षा पाणीच जास्त खातं! तेव्हापासून पाणी निम्म्यावर आणलंय. फक्त मधूनमधून गरम पाण्याची भर घालावी लागते, कारण पातेलं कोरडं पडलं की १०० अंशांची मर्यादा संपली.

भांडं

इंडक्शनवर चुंबक चिकटेल असंच भांडं तापतं, म्हणून मुंबईतल्या भुलेश्वरच्या बाजारात जाताना फ्रिजवरचं चुंबक पर्समध्ये टाकलं होतं. मी एकेका जगाला ते लावून बघत होते, तेव्हा दुकानदार म्हणाले, "ताई, चुंबक खालच्या पातेल्याला चिकटलं की झालं. वरचं भांडं कसलंही घ्या." अगदी बरोबर. इंडक्शन तापवतो पातेलं, पातेलं तापवतं पाणी आणि जगाला उष्णता मिळते ती पाण्यातून. म्हणून पातेलं चुंबकाला धरणाऱ्या स्टीलचं आणि जग अ‍ॅल्युमिनियमचा घेतला. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या दहापटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतं, आणि मेण मुळात उष्णतेचा फार वाईट वाहक आहे, त्यामुळे मधला गोळा शेवटपर्यंत घट्ट राहतो. भिंत चांगली तापली आणि आपण ढवळत राहिलो की फरक कळतो.

माप घेताना एक लक्षात ठेवा. वितळलेलं मेण पाण्यापेक्षा हलकं असतं, १ किलोला सव्वा लिटरहून थोडी जास्त जागा लागते. वर ढवळायला आणि ओतायला रिकामी जागा हवीच, म्हणून १ किलोसाठी २ लिटरचा जग. सोया वॅक्सचे (सोयाबीन तेलापासूनच्या मेणाचे) फ्लेक्स, म्हणजे पातळ तुकडे, तर एवढी जागा व्यापतात की ते दोन खेपांत घालावे लागतात.

जगाचा काठ पातेल्याच्या काठापेक्षा चांगला उंच असू द्या, नाहीतर वाफ आत वळते. मेणात गेलेलं पाणी तळाशी बसतं, तापलं की तडतडतं आणि पुढे वातीपाशी त्रास देतं. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत इतका दमटपणा असतो की मी वाती आणि फ्लेक्स दोन्ही झाकणाच्या डब्यात ठेवते. जगाखाली कुकरची जाळी असते, म्हणजे बुड पातेल्याला टेकत नाही. ओतण्याआधी जगाचं बुड फडक्याने पुसणं ही माझी सगळ्यात आवडती सवय आहे. बुडावरून ओघळलेला पाण्याचा एक थेंब ग्लासात पडला तरी वरचा भाग बिघडतो.

हा जग आणि पातेलं स्वयंपाकात परत जात नाहीत. उरलेलं मेण कोमट असतानाच कागदाने पुसून घेते, बेसिनमध्ये काहीही सोडत नाही.

बाकीचे पर्याय

पार्लरमधला वॅक्स हीटर मैत्रिणीकडून आणून पाहिला. अर्ध्या लिटरचं भांडं आणि अंशांऐवजी नुसते आकडे असलेली डायल. एखाद-दुसऱ्या छोट्या ग्लासला ठीक, माझ्या कामाचा नाही.

राइस कुकरचा विचार कागदावरच सोडला. त्याचं बटण १०० अंशांच्या जरा वर उडतं, ते पाणी आटल्याची खूण म्हणून. मेणात पाणीच नसतं, त्यामुळे बुड झटकन तापून बटण उडेल आणि वर मेण घट्टच राहील.

पॅराफिनला मायक्रोवेव्ह फारसा तापवतच नाही. सोया वॅक्स तापतं, पण जागोजागी वेगवेगळं.

थर्मामीटर

नवीन येणाऱ्याला मी आधी हेच घ्यायला सांगेन. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानांतून फिरले आणि शेवटी सळईवाला डिजिटल घेतला. लांबून मोजणारी इन्फ्रारेड गन फक्त पृष्ठभाग वाचते आणि चकचकीत स्टीलवर चुकीचा आकडा दाखवते. सळई मेणात मधोमध धरायची, बुडाला टेकवायची नाही. आपण समुद्राकाठी राहतो, त्यामुळे तपासणी सोपी: उकळत्या पाण्यात बुडवल्यावर १०० दिसायला हवं.

आकडे कामाप्रमाणे बदलतात. ग्लासातलं सोया वॅक्स मी ८० अंशांपर्यंत नेते, सुगंध घालून नीट ढवळते आणि ६० च्या आसपास ओतते. साच्यातल्या पॅराफिनला ८० ते ८५ लागतात, नाहीतर कडेला थरांच्या रेषा उमटतात. सप्टेंबरमध्ये वांद्र्याला मोत माऊलीच्या जत्रेत स्टॉलवर नवसाचे मेणाचे हात, पाय, घरं मांडलेली असतात. बोटांसारखे बारीक भाग किती स्वच्छ उतरलेत ते तिथे उभं राहून जरूर बघा. मधमाशांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण ८५ च्या वर रंग काळवंडू लागतो. या तिन्ही मेणांना पाण्यावरची आच पुरते.

पुढची खरेदी

तरी मोठं उपकरण का हवं? उत्तर मनगटात आहे. दीड किलो मेणाचा जग एका हाताने धरून अरुंद ग्लासात नीट धार सोडता येते. तीन किलोला हात थरथरतो, आणि ते मेण ७० अंशांवर असतं. त्या वजनाला तोटीचं भांडं हवं.

अमेरिकेतले हौशी लोक प्रेस्टो पॉटला (विजेवर तापणाऱ्या खोल भांड्याला) तोटी बसवून घेतात, पण ते १२० व्होल्टचं आणि १३०० वॅटचं. आपल्याकडे त्याला जडशीळ ट्रान्सफॉर्मर लागेल. मी दुहेरी भिंतीत पाणी असलेल्या ५ लिटरच्या टाकीकडे झुकते आहे. लोहार चाळीत, म्हणजे मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, विचारायचे प्रश्न लिहून ठेवलेत. थर्मोस्टॅटवर अंश लिहिलेत का? अर्थिंगची तीन पिनांची वायर आहे का? तोटी टाकीच्या भिंतीला चिकटून आहे की लांब बाहेर आलीय? लांब असेल तर मेण तोटीतच गोठतं आणि दर वेळी हेअर ड्रायर धरावा लागतो. शेवटचा प्रश्न: तोटीच्या खाली किती मेण अडकून राहतं? रंग बदलताना ते सगळं काढावं लागणार.

समाधानकारक उत्तरं मिळाली नाहीत तर रुंद पातेलं आणि २ लिटरचे दोन जग. एक ओतत असताना दुसरा तापतो. शनिवारी आधी टाक्या बघेन, मग पातेलं.