भिंग, जेल आणि तळपाय : आमची वाटचाल

आमची सुरुवात डर्मोस्कोपच्या, म्हणजे त्वचेवरचे तीळ-डाग जवळून पाहायच्या उपकरणाच्या, दुरुस्तीपासून झाली. १० पट मोठं दाखवणारं भिंग, भोवती एलईडी, पुढे काच, उपकरण एवढंच. बहुतेक तक्रारींचं मूळ फिल्टरच्या ढिल्या कडीत असायचं. दोन पोलराइज्ड फिल्टर (एकाच दिशेच्या प्रकाशलहरी जाऊ देणारे) एकमेकांशी ९० अंशांत नसले की त्वचेवरची चकाकी जात नाही, आणि दोष भिंगावर येतो.

पुढे मोबाइलला बसणारे ॲडॉप्टर बनवायला घेतले. तिथे डोकेदुखी मोबाइलचीच. ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणं) आणि एचडीआर (उजेड-सावलीतला फरक कमी करणं) फोटो 'सुंदर' करतात. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगातला निळसर-पांढरा पडदा त्यात साधा करडा दिसू शकतो. म्हणून पेटीत करड्या रंगाचं कार्ड आणि काचेवर मिलिमीटरची पट्टी देतो. सपाट, संशयास्पद तिळाचा फोटो तीन महिन्यांनी पुन्हा काढून ताडायचा, तर दोन्ही वेळचं माप आणि रंग जुळायलाच हवेत. उंच, टणक गाठ मात्र अशी वाट पाहण्यासाठी नसते. तिची थेट बायोप्सी.

साधा आणि पोलराइज्ड, प्रकाशाचे दोन्ही प्रकार एका बटणावर ठेवले. सेबोऱ्हिक केराटोसिस या निरुपद्रवी चामखिळीसारख्या वाढीचे पांढरे ठिपके साध्या प्रकाशात ठसठशीत दिसतात, तर चमकदार पांढऱ्या रेघा फक्त पोलराइज्डमध्ये. साध्या प्रकाशाला काचेखाली जेल लागतंच. नखावर तेल घसरतं, अल्ट्रासाउंडचं जेल टिकतं. काच दाबून धरली तर रक्तवाहिन्या दिसेनाशा होतात, हे सहायकांना पुनःपुन्हा सांगावं लागतं.

आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत मेलानोमा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली असतो. म्हणून बोटांच्या बेचक्यात जाणारं निमुळतं टोक काढलं. तळपायावर रंग त्वचेच्या रेषांमधल्या खाचांत असेल तर तीळ बहुधा निरुपद्रवी. कंगोऱ्यांवर, म्हणजे खाचांमधल्या उंचवट्यांवर, असेल तर संशय. कंगोरा ओळखायचा तो घामाच्या छिद्रांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरून. तरीही कळेना, तर शाईची रेघ ओढून स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची. शाई खाचेत उरते. कलपाचा डाग किंवा साकळलेलं रक्तही कंगोऱ्यावर बसतं, त्यामुळे रुग्णाला आधी विचारलेलं बरं.

त्वचा न कापता तिच्या पेशी दाखवणारा कॉन्फोकल मायक्रोस्कोप का ठेवत नाही, अशी विचारणा होते. त्याचा ८३० नॅनोमीटरचा लेसर पेशी दाखवतो, पण खोली जेमतेम पाव मिलिमीटर. तळपायाचं जाड कातडंच तेवढी खोली खाऊन टाकतं. आमचे बरेचसे फोटो तळपायाचे. त्या यंत्राची एजन्सी म्हणूनच घेतली नाही.