आठव्या नंबरचा ठाकूर

भारताचा ऑलराउंडर शार्दूल ठाकूर आमच्या पालघरचा. मी जवळच्याच केळव्याचा. त्यामुळे पुढचं सगळं निःपक्षपाती असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

त्याला 'लॉर्ड' म्हणायची जी टूम निघाली, ती मला सुरुवातीपासून खटकते. त्यात कौतुक कमी आणि टिंगल जास्त. म्हणजे विकेट मिळाली तर नशिबाने, रन झाले तर गंमत म्हणून. अहो, २०२१ च्या जानेवारीत ब्रिस्बेनला भारत ६ बाद १८६, समोर ऑस्ट्रेलियाच्या ३६९ धावा. बुमराह, अश्विन, जडेजा, शमी सगळे जायबंदी. तिथे हा येतो आणि कमिन्सला हुक मारून षटकारानेच खातं उघडतो. वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ ची भागी, स्वतःचे ६७, आणि सामन्यात सात बळी. नशीब इतका वेळ टिकत नाही. कोहलीने त्या दिवशी चक्क मराठीत ट्विट केलं, 'तुला परत मानला रे ठाकूर'. 'परत' अशासाठी, की २०१९ ला कटकच्या वनडेत वेस्ट इंडीजविरुद्ध ६ चेंडूंत नाबाद १७ मारून ह्याने सामना काढला, तेव्हाही कोहलीने एकदा मानलं होतं.

ह्या ब्रिस्बेनच्या आधी काय होतं ते बाहेरच्यांना फारसं आठवत नाही. २०१७ ला कोलंबोत पहिली वनडे, पाठीवर दहा नंबर. झालं! सचिनचा नंबर घेतलाच कसा म्हणून लोक तुटून पडले. पोराने गपचूप ५४ नंबर घेतला. २०१८ ला हैदराबादला पहिली कसोटी, त्यात दहा चेंडू टाकले आणि जांघेचा स्नायू दुखावला. दुसरी कसोटी मिळायला सव्वादोन वर्षं लागली. ती दुसरी कसोटी म्हणजे ब्रिस्बेन.

आता गाडीबद्दल बोलतो, कारण ते बोलल्याशिवाय आमच्याकडे कुठलीच गोष्ट पुरी होत नाही. डहाणूपर्यंत लोकल आली २०१३ साली. त्याआधी विरारच्या पलीकडच्यांची सगळी भिस्त शटल, सौराष्ट्र आणि फ्लाइंग राणी ह्या गाड्यांवर. त्या गर्दीत किटबॅग घेऊन चढणारा पोरगा म्हणजे पासवाल्यांच्या दृष्टीने गुन्हेगारच. 'ए, ती बॅग वर टाक' इथपासून 'मालडब्यात जा' इथपर्यंत सगळं ऐकावं लागतं. मी पासवाला होतो, आमची भाषा मला माहीत आहे. शार्दूल अशाच प्रवासातून वर आला. पुढे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीच्या शाळेत घेतलं, स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. रोहित शर्माही त्यांचाच विद्यार्थी. शाळेच्या सामन्यात एका षटकात सहा षटकार मारलेला मुलगा आहे हा. बॅटिंग त्याला काही आभाळातून पडलेली नाही. आणि २०१८ ला दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर अंधेरीला उतरून हा गडी लोकलनेच पालघरला आला. डब्यातली कॉलेजची मुलं म्हणे गुगलवर फोटो बघून खात्री करत होती, की हा तोच का.

माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. त्याची चारही कसोटी अर्धशतकं परदेशात झाली, हे लोक लक्षात घेत नाहीत. एक ब्रिस्बेनला, तीन लंडनच्या ओव्हलवर. २०२१ ला तिथे ३१ चेंडूंत पन्नास, म्हणजे इंग्लंडमधलं कसोटीतलं तोवरचं सर्वांत जलद अर्धशतक, बोथमच्या विक्रमापेक्षा एक चेंडू कमी. त्याच सामन्यात दुसऱ्या डावात ६० आणि वर रूटचा त्रिफळा. सामनावीर रोहित ठरला, पण खरा मान शार्दूलचा असं रोहितच म्हणाला. मग २०२३ च्या कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात पुन्हा तिथेच ५१. मधे २०२२ ला जोहान्सबर्गला ६१ धावांत सात बळी. सामना हरलो ते सोडा.

भारतात मात्र त्याला जागाच नाही. आपल्या खेळपट्ट्यांवर सातवा-आठवा नंबर जडेजा, अक्षर यांचा, आणि २०२४ ला निवृत्त होईपर्यंत अश्विनचा. बॅटिंग करणारा स्पिनर मिळत असताना बॅटिंग करणारा मध्यमगती कोण घेणार? म्हणजे ह्याने वर्षभर वाट बघायची आणि परदेश दौऱ्यात, गवत असेल तर, चौथा वेगवान बॉलर म्हणून उतरायचं. त्यातही २०२५ ला इंग्लंडमध्ये हेडिंग्लेला पहिल्या डावात त्याला दिली फक्त सहा षटकं. दुसऱ्या डावात चेंडू हातात आला तेव्हा दीडशेच्या उंबरठ्यावरचा डकेट आणि ब्रूक लागोपाठच्या चेंडूंवर गेले. पुढच्या कसोटीत हा बाहेर! आमच्या किनाऱ्यावरच्या टेनिस बॉलच्या क्रिकेट सामन्यातसुद्धा ज्याला बॉलिंग द्यायची नाही त्याला ऑलराउंडर म्हणून घेत नाहीत.

रणजी स्पर्धेत मात्र त्याची कदर झाली. २०२४ ची उपांत्य फेरी, तमिळनाडूविरुद्ध, बीकेसीच्या मैदानावर मुंबई ७ बाद १०६. नवव्या नंबरवर येऊन १०५ चेंडूंत १०९, प्रथम श्रेणीतलं पहिलं शतक, आणि सामन्यात चार बळी. अंतिम फेरीत विदर्भाविरुद्ध वानखेडेवर ७५. मुंबईचं बेचाळिसावं विजेतेपद ते. पुढच्या मोसमात जम्मू-काश्मीरविरुद्ध पहिल्या डावात ५१, दुसऱ्यात ११९, आणि मुंबईच्या त्या संघात रोहित, जैस्वाल, रहाणे, श्रेयस सगळे होते. तरी मुंबई हरली.

२०२५-२६ च्या मोसमाला मुंबईने त्याला कर्णधार केलं. चौथा बॉलर कधी आणायचा हे निदान तिथे तरी त्याच्याच हातात आलं.