दिव्यांना शेपूट

सांगलीच्या गणपती पेठेत चौतीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलं. एवढ्या वर्षांत एका गिऱ्हाइकाचं समाधान मला कधीच करता आलं नाही. ते हायस्कूलवर गणित शिकवायचे. दर दोन वर्षांनी यायचे, शेवटची ओळ घडाघडा वाचायचे आणि वर म्हणायचे, "सगळं बेस्ट आहे, पण रात्री दिव्याला शेपूट दिसतंय बघा. खाली, उजवीकडं." मी ॲक्सिस, म्हणजे काचेचा कोन, पाच अंश इकडं, पाच अंश तिकडं फिरवायचो. पाव नंबर चढवायचो, उतरवायचो. शेपूट तिथंच. शेवटी काच पुसून चष्मा हातात द्यायचो. "होईल सवय, सर."

मनात म्हणायचो, गणिताचा माणूस, किरकिर करणारच.

गेल्या हिवाळ्यात लेकीकडे रॉचेस्टरला होतो. न्यूयॉर्क राज्यातलं गाव, पण ते उंच इमारतींचं न्यूयॉर्क नव्हे. हे ओंटारिओ सरोवराच्या बाजूला, बर्फात बुडालेलं. चष्म्याच्या काचांची बॉश अँड लॉम्ब कंपनी मूळची इथलीच, कॅमेऱ्याची कोडॅकही इथलीच. लेक डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढणाऱ्या यंत्रावर काम करते. एक दिवस म्हणाली, "बाबा, सब्जेक्ट पाहिजे. बसता का?"

बसलो. आधी सह्यांचे कागद, मग बाहुली मोठी करणारे ड्रॉप्स. हे ड्रॉप्स घालून आलेले लोक आयुष्यभर पाहिले, स्वतःच्या डोळ्यात पहिल्यांदाच पडले. मग डोकं हलू नये म्हणून दातांचा ठसा घेतला आणि ती पट्टी चावून बसायला लावलं. दातांच्या डॉक्टरकडे आलोय की डोळ्यांच्या, असं विचारणार होतो, पण तोंड बंद. समोर मंद लाल चौकट दिसत होती. लेझरचा प्रकाश, पण अगदी क्षीण.

या यंत्रातलं तंत्र मूळचं खगोलवाल्यांचं. वातावरणामुळे तारा लुकलुकतो. तर येणारा प्रकाश किती वाकडा झालाय ते मोजायचं आणि तेवढाच उलटा वाकणारा आरसा समोर धरायचा, ही कल्पना होरेस बॅबकॉक या खगोलशास्त्रज्ञाने १९५३ साली मांडली. (आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेनेही अमेरिकेतल्या कॅलटेकबरोबर तिथल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी अशी यंत्रणा केली आहे. हे मला लेकीने सांगितलं. पुण्याच्या एवढ्या फेऱ्या केल्या, पण सगळ्या लक्ष्मी रोडच्या.) १९९७ मध्ये जुनझाँग लियांग, डेव्हिड विल्यम्स आणि डोनाल्ड मिलर यांनी याच गावातल्या विद्यापीठात तीच युक्ती डोळ्यावर लावली. त्यांच्या आरशाच्या पाठीला ३७ दांडे होते, प्रत्येक दांडा आरसा कणभर पुढे ढकलणार किंवा मागे ओढणार. इथं वातावरणाच्या जागी आपलं बुबुळ (डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच, कॉर्निया) आणि आतलं भिंग.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. धूसर दिसण्याच्या दोनच गोष्टी चष्म्याला दुरुस्त करता येतात. गोल नंबर आणि सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर. नंबर तपासायच्या काचांच्या पेटीत, ट्रायल बॉक्समध्ये, त्यासाठी तिसरं काही नसतंच. पण डोळ्यात मात्र असतं. यंत्रात बारक्या भिंगांची एक जाळी आहे. डोळ्यातून परत येणारा प्रकाश तिच्यातून गेला की कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठिपक्यांची रांगोळी उमटते. डोळा निर्दोष असेल तर ठिपके ओळीओळींत, सारख्या अंतरावर. माझे ठिपके नवशिक्या सुनेने घातल्यासारखे. त्यावरून यंत्राने हिशेब करून दाखवलं की माझ्या डोळ्यात एक ठिपका प्रत्यक्षात कसा पडतो.

ठिपका नव्हताच तो. एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला फरपटत गेलेला.

"याला कोमा म्हणतात," लेक म्हणाली. "धूमकेतूसारखा दिसतो म्हणून. रात्री बाहुली मोठी झाली की वाढतो."

मी पट्टी सोडली. सगळं पुन्हा जुळवावं लागलं, लेक चिडली.

मग तिने आरसा चालू केला. ठिपका आक्रसला, रेखीव झाला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर करड्या ठिपक्यांचा गालिचा आला. ज्वारीचं भरलेलं कणीस जवळून बघावं तसा. एकेक दाणा म्हणजे माझी एकेक शंकू पेशी, रंग ओळखणारी, मिलिमीटरचा काही हजारावा भाग. चौकट एका अंशाची, म्हणजे डोळ्याच्या पडद्यावर जेमतेम ०.३ मिलिमीटर. चित्र सारखं थरथरत होतं. मी स्थिर बघतोय असं मला वाटत होतं, डोळा मात्र हलतच होता.

फोटोत रंग नव्हता. लाल, हिरवी, निळी पेशी कुठली हे ओळखायला वेगळी करामत लागते. ती ऑस्टिन रूर्डा आणि विल्यम्स यांनी १९९९ मध्ये केली. दोन माणसं तपासली, दोघांची रंगदृष्टी ठणठणीत. एकाच्या पडद्यात लाल पेशी हिरव्यांच्या जवळपास चौपट, दुसऱ्याच्यात दोन्ही साधारण सारख्याच. रंगांधळेपणा तपासायच्या ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे दोघांनीही बरोबर वाचले असते. मी दोघांनाही "नॉर्मल" लिहून दिलं असतं.

मी लगेच धंद्याचं विचारलं, हे चष्म्यात का बसवत नाही? लेक म्हणाली, काच नाकावर स्थिर असते आणि डोळा तिच्यामागे फिरतो. डोळा जरा वळला की दुरुस्ती भलतीकडेच पडते. शिवाय अश्रूंचा थर पापणीगणिक बदलतो. आरसा सेकंदाला अनेकदा वळण बदलत असतो, काचेला ते कुठून जमणार? म्हणजे सरांना मी काही देऊ शकलो नसतोच. पण "होईल सवय" म्हणायची गरज नव्हती.

रात्री नऊला सांगलीला फोन लावला. तिथं सकाळचे साडेसात. सगळं सांगितलं, कोमा, आरसा, ज्वारी. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मोतीबिंदू काढला गेल्या वर्षी," ते म्हणाले. "नवीन भिंग घातलंय आत."

"मग शेपूट?"

"आहे की. खाली, उजवीकडं."

म्हणजे सरांचा कोमा बुबुळाचा असणार.