मीटर शून्यावर, कॅपॅसिटर भरलेला

औसा तालुक्यातल्या एका हॅम (हौशी रेडिओ चालवणाऱ्या) काकांचा लिनिअर, म्हणजे सेटचा सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर, बिघडला म्हणून मे महिन्यात त्यांच्या गावी गेलो. किल्लारी याच तालुक्यातली. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर हॅम मंडळींनी बिनतारी संदेश पोचवले होते, आणि तेव्हापासून काका आपला सेट बंद पडू देत नाहीत. घरी जुळवलेला लिनिअर आहे: 811ए चे दोन व्हॉल्व्ह, ग्राउंडेड ग्रिड (व्हॉल्व्हची ग्रिड अर्थला जोडलेली रचना), व्हॉल्व्हच्या प्लेटला लागणारी विनाभार 1350 व्होल्टची एचटी, म्हणजे उच्च दाबाचा सप्लाय.

तक्रार अशी की 40 मीटरच्या बँडवर समोरची स्टेशनं आवाजात घरघर सांगत होती. आउटपुट 230 वॅटवरून 120 वर आलेलं. प्लेट करंट कमी, ग्रिड करंट मात्र चढलेला. काकांनी व्हॉल्व्हची जोडी बदलून पाहिली होती, काडीचा फरक पडला नाही. एचटीचा मीटरही आठ दिवस हलत नव्हता. "मीटर गेला असेल, सेट तर चालतोय की," म्हणून त्यांनी तसाच वापरला.

प्लेट करंट कमी आणि ग्रिड करंट जास्त असेल तर एक तर लोडिंग हलकं आहे, नाही तर भार आल्यावर एचटीचं व्होल्टेज खाली बसतं. अँटेनाच्या जागी डमी लोड (वॅट पचवणारा रेझिस्टर) लावून ट्यून आणि लोड दोन्ही कंडेन्सर पुन्हा जुळवले, तेच आकडे. घरघर ऐकली तर 100 हर्ट्झची. 50 सायकलच्या मेन्सवर एसीचा डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरचा रिपल (डीसीवर उरलेली लहर) बरोबर तेवढाच असतो. म्हणजे दोष व्हॉल्व्हमध्ये नाही, सप्लायमध्ये. व्हॉल्व्ह महाग आहेत, त्यांच्यावर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा.

स्विच बंद केला, प्लग काढला, पाच मिनिटं थांबून झाकण उघडलं. काकांनी लगेच हात पुढे केला. "मीटर झिरोच आहे की." त्यांचा हात धरला. कोरड्या पीव्हीसी पाइपच्या टोकाला तांब्याचा हूक, त्यातून 100 ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर आणि जाड वायरने चेसिसला अर्थ, अशी छडी मी बरोबर ठेवतो. ती एचटी प्लसला टेकवताच चट्ट करून ठिणगी उडाली.

छडी काढून मल्टिमीटर लावला. 100 मायक्रोफॅरड, 450 व्होल्टचे चार कॅपॅसिटर मालिकेत होते. तिघांवर जवळपास काही नाही, चौथ्यावर अजून 110 व्होल्ट! त्याचं डोकं फुगलेलं आणि बुडाशी चिकट तपकिरी ओल. प्रत्येक कॅपॅसिटरला समांतर असलेल्या रेझिस्टरपैकी त्याचाच जळून उघडा पडलेला होता. मालिकेच्या दोन टोकांना छडी लावली की भरलेला कॅपॅसिटर बाकीच्या तिघांना उलटा चार्ज करतो, स्वतः पूर्ण रिकामा होत नाही. म्हणून प्रत्येक कॅपॅसिटरवर छडी वेगळी लावायची, आणि हात आत असेपर्यंत एचटी चेसिसला जोडून ठेवणारी शॉर्टिंग क्लिप काढायची नाही.

त्या रेझिस्टरचं काम दुहेरी असतं: बंद केल्यावर चार्ज उतरवणं, आणि चालू असताना चौघांत व्होल्टेज सारखं वाटणं. तो गेला की इतर तीन रेझिस्टरमधून येणारा करंट चौथ्या कॅपॅसिटरला भरतच राहतो. व्होल्टेज 450 च्या पुढे जातं, लीकेज (आतून गळणारा करंट) वाढतं, कॅपॅसिटर तापून वाळतो. तो कॅपॅसिटर काढून मोजला तर 14 मायक्रोफॅरड. चौघांची मिळून 25 ऐवजी 10 भरली. 300 मिलिॲम्पिअरच्या भाराला एवढ्यावर दोनशेहून अधिक व्होल्टचा रिपल येतो. पत्र्याची खोली, बाहेर 42 अंश, आणि पंख्याच्या जाळीवर काळ्या मातीच्या धुळीचा थर. जुन्या कार्बन रेझिस्टरांचं असंच होतं.

चारही कॅपॅसिटर बदलले, एकटा नाही. 105 अंशांपर्यंतची उष्णता सोसणारे घेतले आणि फायबरच्या पट्टीवर बसवले, कारण मालिकेतल्या वरच्या कॅपॅसिटरांचे डबे चेसिसपासून शेकडो व्होल्ट उंच असतात. समांतर रेझिस्टरलाही व्होल्टेजची मर्यादा असते, म्हणून प्रत्येकी एक न लावता 47 किलोओहम 2 वॅटचे दोन-दोन मालिकेत. मीटर चांगला होता, त्याच्या मालिकेतला 2 मेगओहमचा मल्टिप्लायर रेझिस्टर तुटलेला, म्हणून काटा शून्यावर. त्याजागी 200 किलोओहमचे दहा.

व्हॉल्व्ह तापवणाऱ्या फिलामेंटचं व्होल्टेजही पाहिलं. ट्रान्सफॉर्मरवर 6.3 व्होल्ट, सॉकेटच्या पिनवर 5.8. दोन व्हॉल्व्हचा 8 ॲम्पिअर करंट काळ्या पडलेल्या पिनांतून जात होता. पिना घासल्या, सॉकेटच्या पट्ट्या आवळल्या, 6.2 मिळाले.

पहिला स्टार्ट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला, म्हणजे मेन्सच्या बाजूला, 100 वॅटचा बल्ब मालिकेत घालून. बल्ब लालसर राहिला, भगभगला नाही, तेव्हा तो काढला. सिग्नल नसतानाचा आयडल करंट 50 मिलिॲम्पिअरच्या आसपास, पूर्ण ड्राइव्हवर (सेटचा पूर्ण सिग्नल दिल्यावर) प्लेट करंट 310, एचटी 1220 वर टिकून, डमी लोडवर 230 वॅट.

स्विच बंद केल्यावर काका काट्याकडे बघत उभे राहिले. तो 1350 वरून उतरत अर्ध्या मिनिटात 50 च्या खाली आला. झाकण लावायला त्यांनी आधी छडीच मागितली.