कुठलीही चालेल

मागच्या आठवड्यात भाचीचा फोन आला, मावशी मला विणायला शिकायचंय, सुया आणल्यात, व्हिडिओ बघून टाके घालायला जमतायत, आता फक्त प्रॅक्टिसला थोडी लोकर दे ना तुझ्याकडची, कुठलीही चालेल. कुठलीही चालेल म्हणे! फोन ठेवला आणि पाच मिनिटं मी त्या शब्दावरच अडकून बसले, कारण गेल्या पंधरा वर्षांत मी जे काही जमवलंय त्यात "कुठलीही" या सदरात बसेल असं एकही गुंडाळं नाहीये.

तरी म्हटलं बघू. कपाट उघडलं.

एक गोष्ट आधी सांगते, आपण मराठीत विणायच्या सगळ्याच धाग्याला सरसकट लोकर म्हणून मोकळे होतो. मेंढीची ती लोकर, बकरीची ती लोकर, सशाची ती पण लोकर, आणि ऍक्रिलिक, जे पेट्रोलियमपासून बनतं आणि ज्याने जन्मात मेंढी बघितलेली नाही, ती सुद्धा लोकरच. मला आधी याचं काही वाटायचं नाही, मी स्वतः कितीतरी वर्षं फक्त ऍक्रिलिकच विणलंय आणि तोपर्यंत माझं डोकं अगदी ठिकाणावर होतं. मग कोणीतरी मेरिनोची, म्हणजे त्या नावाच्या मेंढीच्या मऊ लोकरीची, एक लडी हातात ठेवली. झालं, तिथून पुढे जे सुरू झालं ते अजून चालू आहे.

मेरिनोची गंमत म्हणजे ती डोळ्यांना काहीच वेगळी दिसत नाही. बोटांना कळतं. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, चांगल्या मेरिनोचा तंतू 18-19 मायक्रॉनचा, म्हणजे एका केसाच्या जाडीत तीन-चार तंतू शेजारी शेजारी आरामात झोपतील. लोकर टोचते टोचते म्हणून लोक ओरडतात ना, ती साधारण 30 मायक्रॉनच्या वरचे तंतू असले की टोचते, कारण जाड तंतूचं टोक वाकत नाही, सरळ कातडीत घुसतं, आणि बारीक तंतू बिचारा टेकला की वाकतो. हे समजल्यापासून मी कुठलंही नवीन गुंडाळं आधी मानेला लावून बघते, चारचौघात बघते, लोक काय म्हणतील वगैरे कधीच सुटलंय.

तर पहिला कप्पा मेरिनोचा. त्यातली राखाडी देऊ का? नको, तीन लड्या आहेत, तिन्ही मिळून बिनबाह्यांचं काहीतरी होईल. हिरवी? ती सुपरवॉश नाहीये, पोरगी मशीनला टाकेल आणि बाहेर बाहुलीच्या मापाचं काहीतरी निघेल, लोकरीच्या तंतूवर खवले असतात ना माशासारखे, गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकात अडकतात आणि मग ब्रह्मदेव आला तरी सुटत नाहीत. सुपरवॉशमध्ये ते खवले आधी क्लोरीनने बोथट करतात आणि वर प्लास्टिकसारखा पातळ थर देतात. सुपरवॉश होती एक, जांभळी. पण जांभळी कशी देणार, जांभळी मला आवडते.

दुसरा कप्पा अल्पाकाचा. अल्पाका म्हणजे पेरूकडचा तो उंटाचा छोटा चुलतभाऊ. याच्या प्रेमात मी इतकी पडले होते की डोळे झाकून अख्खा स्वेटर विणला, लांब बाह्यांचा. सकाळी घातला तेव्हा कमरेपर्यंत होता, संध्याकाळी मांडीपर्यंत, आणि आठवड्याभरात त्याला स्वेटर म्हणायचं की गाऊन हा प्रश्न पडायला लागला. मेंढीच्या लोकरीला स्प्रिंगसारखे बारीक बारीक वळसे असतात म्हणून ती ताणली तरी परत जागेवर येते, अल्पाकाला तसे फारसे नसतात, वर वजन, मग ती आपली लोंबत राहते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर? सांगितलंच होतं खरं म्हणजे. मी ऐकलं नव्हतं. उसवला सगळा, गुंडाळी केली, ती अजून आहेत. शिकाऊ माणसाला अल्पाका देणं म्हणजे त्याचं विणकामावरचं मन उडवणं, त्यामुळे ती पण नको. बघा, किती विचार करते मी दुसऱ्याचा.

मोहेरचं तर बोलायलाच नको. नावांचाच एवढा घोळ आहे की मला नीट लक्षात राहायला दोन वर्षं गेली. अंगोरा बकरीपासून जी मिळते तिला अंगोरा म्हणत नाहीत, मोहेर म्हणतात. अंगोरा म्हणतात ती सशाची. दोन्ही प्राण्यांना नाव पडलं ते तुर्कस्तानातल्या अंकारा शहराच्या जुन्या नावावरून, म्हणजे गाव एक, प्राणी दोन, आणि गोंधळ आपल्या पदरात. मोहेर दिसते ढगासारखी पण चुकलात की संपलात, तिचे लांब केस शेजारच्या टाक्यात असे गुंततात की उसवायला घेतलं की आधी धागा तुटतो मग आपण. नवशिकीला उसवावं तर लागणारच. म्हणजे हे कारण तरी खरं होतं, बाकीच्यांबद्दल मी शपथ घेणार नाही.

मग हाताला लागली आइसलँडची. माझी सगळ्यात लाडकी, आणि सगळ्यात विचित्र. प्लोतुलोपी म्हणतात तिला, ही कातलेलीच नसते. आपल्याला वाटतं पीळ दिल्याशिवाय धागा होतच नाही, हिच्यात जवळजवळ पीळच नाही, पिंजलेल्या लोकरीची नुसती एक बारीक पट्टी, चपट्या चकतीसारखी गुंडाळलेली. जरा ओढली की हातात तुकडा. पहिल्यांदा तुटली तेव्हा मला वाटलं माझ्याच नशिबी खराब माल आला, पण नाही, ती तशीच असते. दोन तुटकी टोकं एकमेकांवर ठेवायची, तळहात जरा ओले करायचे आणि चोळायचं, जुळली. तेच ते खवले, मशीनमध्ये वैरी आणि इथे मित्र. आणि एकदा विणली की घट्ट, कारण तिथल्या मेंढीला दोन थर असतात, बाहेर लांब राठ केसांचा, त्याला तोग म्हणतात, आणि आत मऊ बारीक, ते थेल, लांब केस धरून ठेवतात आणि मऊ केस ऊब धरतात. हात लावला तर मऊ नाही, खरं सांगायचं तर टोचते. पण एवढी हलकी आणि एवढी गरम दुसरी कुठली लोकर मी तरी विणलेली नाही. ही लोकर हातात असली की मी श्वास पण हळू घेते. ती द्यायचा प्रश्नच नव्हता, मी आपली बाहेर काढून बघितली, वास घेतला आणि आत ठेवली. मेंढीचा मंद वास येतो तिला, धुतलेल्या. तो वास आवडणारे आणि न आवडणारे अशी माणसांची सरळ वाटणी करता येते.

असं करत करत पलंग भरला. हाताने रंगवलेल्या एकेकट्या लड्यांचा एक मोठा ढीग झाला, हा माझा खरा गुन्हा. दुकानात गेलं की दहा लड्या घ्यायची हिंमत होत नाही आणि एक पण न घेता बाहेर यायची ताकद नसते, मग एक घ्यायची. एक लडी म्हणजे 100 ग्रॅम, बारीक असली तर 400 मीटर, त्यात मोज्यांचा एक जोड होतो हे तुम्ही स्वतःला सांगायचं. पण मोज्यांच्या लोकरीत साधारण चतुर्थांश नायलॉन लागतं टिकायला, आणि मी घेतलेल्यात ते नसतंच, निव्वळ एकपदरी मऊ मेरिनो, ज्याचे मोजे केले तर टाचेवर महिनाभरात खिडकी पडेल. हे दुकानात उभी असतानाही मला माहीत असतं. आणि नंतर जाऊन अजून एक घेऊ म्हणावं तर रंग जुळत नाही, हाताने रंगवलेलीचं सोडा, कारखान्यातल्या लोकरीवर पण डाय लॉटचा नंबर असतो तो त्यासाठीच, दर घाणीला रंग केसभर इकडेतिकडे होतो, गुंडाळी शेजारी ठेवली तर दिसत नाही आणि स्वेटर विणून झाला की छातीवर बरोब्बर आडवी रेघ दिसते. नीळ घातलेली एक लडी आहे त्यात, खऱ्या निळीची. ती विणायला घेतली तर बोटं निळी, बांबूच्या सुया निळ्या, नाक खाजवलं तर नाक निळं. निळीच्या पिंपातून धागा बाहेर काढतात तेव्हा तो हिरवट पिवळा असतो आणि हवा लागली की डोळ्यादेखत निळा होत जातो, हे मी एकदा प्रत्यक्ष बघितलं आणि त्याच दिवशी ती लडी घेतली, आता ती लोकर म्हणून घेतली की त्या पाच मिनिटांची आठवण म्हणून, ते तुम्हीच ठरवा.

लेबल हरवलेल्यांची एक पिशवी पण निघाली. त्यांच्याकडून देता आलं असतं काहीतरी, पण आधी कळायला नको काय आहे ते? मग बसले काडी घेऊन. दोन इंचाचा तुकडा चिमट्यात धरून जाळायचा, केस जळल्याचा वास आला आणि ज्योत आपोआप विझली तर प्राण्याची, कागदासारखा भुरुभुरु जळला तर सुती, आणि वितळून कडक काळी गोळी झाली तर ऍक्रिलिक किंवा तसलंच काही. नवरा दारात येऊन वास घेऊन गेला, काही बोलला नाही. पूर्वी विचारायचा, याचं काय करणार. हल्ली विचारत नाही, आणि मला ते जास्त लागतं.

कारण काय करणार याचं उत्तर माझ्याकडे आहे, फक्त ते सांगण्यासारखं नाहीये. मी चार इंचाचा तुकडा करणार. नवीन लोकर आली की तीस टाके घालायचे, सुलट उलट सुलट उलट, चार इंच झाले की बंद करायचं, कोमट पाण्यात बुडवायचं, टाचण्या लावून वाळवायचं. शहाणी माणसं हे मापासाठी करतात, इंचाला किती टाके बसतात ते कळायला. मी भेटायला म्हणून करते. गुंडाळ्यात कडक वाटणारी लोकर धुतली की फुलते, मऊ वाटणारी लगेच गोळे धरते, पीळ जास्त असला तर सगळा तुकडा तिरका जातो, हे सगळं त्या चार इंचात कळतं आणि ते कळलं की माझी निम्मी तहान भागते. पुढचा स्वेटर म्हणजे नुसती मेहनत, त्याच त्या ओळी. तुकडे मात्र सगळे जपलेत, एका वहीत, शेजारी लेबल चिकटवून. जमवणं आणि विणणं हे दोन वेगळे छंद आहेत असं विणणारे आपसात म्हणतात, आणि उरलेल्या आयुष्यात विणून संपणार नाही इतका साठा झालेल्यांसाठी इंग्रजीत एक खास शब्द पण आहे, सेबल. मी हिशोब केलेला नाही. करणार पण नाही.

तळाशी कस्तुरी बैलाची पुडी होती. मस्क ऑक्स, तो बर्फातला झिपऱ्या, त्याच्या आतल्या थराची लोकर, किविउत, उन्हाळा जवळ आला की ती आपोआप गळायला लागते तेव्हा गोळा करतात. जेमतेम 28 ग्रॅम. सहा वर्षं झाली, हिचा तुकडा पण केला नाहीये, तीस टाके घालायचे म्हणजे तेवढी कमी होणार ना! वर्षातून दोनदा फ्रीझरमध्ये ठेवते कसर लागू नये म्हणून, परत काढते, परत कागदात. कसरीचा पतंग लोकर खातच नाही, खाते ती अळी, आणि ती चवीची पक्की असते, ऍक्रिलिकला तोंड लावत नाही. या बाबतीत आमचं पटतं.

भाची आली रविवारी. मी आवरून ठेवणार होते पण राहिलं, सगळं पलंगावर तसंच. दारातच थांबली, बापरे म्हणाली. मला एकदम घामच फुटला, आता ही नेमकी कशाला हात घालते! किविउतच्या पुडीवर मी सहज म्हणून उशी ठेवली. तिने मेरिनो उचलली, छान आहे म्हणाली, ठेवली. आइसलँडवालीला हात लावला, ई टोचते. निळीच्या लडीकडे तर बघितलंही नाही. आणि मग पलंगाखाली वाकली, तिथे एक पिशवी असते, गाठी मारायला, खुणेला दोरा घालायला लागतं ते सटरफटर, त्यातून तिने नारिंगी ऍक्रिलिकचं गुंडाळं काढलं, भडक, रस्त्यावर काम चालू असताना लावतात तसला नारिंगी. हेच हवंय मला, म्हणाली, कसलं भारी आहे. घे, घे ना, मी म्हटलं, आणि इतकं हायसं वाटलं की वर एक मोजपट्टी पण दिली. ती गेल्यावर मात्र जरा रागच आला. एवढा पलंग भरून मांडलेला आणि हिला तेच आवडावं!

परवा तिचा फोटो आला. बारा इंच लांब, सुरुवातीला तीस टाके असावेत, शेवटी एकोणचाळीस, मधे तीन भोकं. मला ते फार सुंदर वाटलं, खोटं नाही. खाली लिहिलं होतं, मावशी संपत आली गं, मफलर करतेय, तसंच अजून एक आहे का तुझ्याकडे?

आहे. मी दोन घेतली होती तेव्हा, एकाच डाय लॉटची. पिशवीतून काढलं, लेबल बघितलं, नंबर तोच. हातात घेऊन बघितलं तर रंग खरंच भारी आहे, इतकी वर्षं पलंगाखाली होता आणि माझं कधी लक्षच गेलं नाही. राखाडी मेरिनोशेजारी ठेवून बघितला. मग तिला लिहिलं, नाही गं, तेवढंच होतं.